८४ पैकी २८ क्रेडिट्सच का धरली?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यातला हा विद्यार्थी. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलची दोन वर्षे पूर्ण करून तो गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात दाखल झाला. 'दोन वर्षे इकडे, दोन वर्षे तिकडे' असे कन्सल्टन्सीने सांगितले होते आणि घरच्यांनी पैशांचा हिशेब त्यावरच मांडला. वडिलांची सहा एकर कोरडवाहू शेती बँकेने तारण घेतली नाही, म्हणून मामाजींनी दारव्ह्यातले राहते घर तारण दिले. पहिले सत्र संपताना क्रेडिट मूल्यमापनाचा अहवाल हाती आला. भारतातल्या ८४ क्रेडिट्सपैकी ४६ स्वीकारली गेली आणि त्यातली पदवीसाठी धरली गेली फक्त २८. पदवीला १२६ लागतात. ठरल्यापेक्षा किमान एक वर्ष जास्त लागणार, हे उघड आहे. विषयांच्या निवडीबाबत सल्ला देणाऱ्या अ‍ॅडव्हायझर बाईंना तो एकदाच भेटला. त्यांनी अहवाल दाखवला, तो 'येस मॅडम' म्हणून परत आला. घरी काहीच सांगितलेले नाही. बाबा फोनवर विचारतात, 'किती राह्यलं रे आता?' आणि तो 'दीड वर्ष' असे उत्तर देतो. ओळखीच्या एका माणसाच्या पेट्रोल पंपावर रोखीने काम करावे, शाखा बदलावी की सरळ परत यावे, असे विचार त्याच्या मनात घोळत आहेत. तो विचारतो: माझी दोन वर्षे या लोकांनी मातीत घातली का? आणि घरी सांगू कसे?

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी पहिलाच घेते. तुमची दोन वर्षे कुणी मातीत घातलेली नाहीत. ती फार थोड्या कागदांवरून मोजली गेली आहेत आणि ती पुन्हा मोजून मागता येतात. आपल्याकडे एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, तर मुले दुसऱ्या दिवशी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेऊन खिडकीपुढे उभी राहतात. मग या अहवालाबाबत तसा अर्ज करण्याचा विचार तुमच्या मनात का आला नाही? परक्या देशातला कागद म्हणजे अंतिम कागद, असे तुम्ही धरून चालला आहात, असे मला वाटते.

८४ चे ४६ कसे झाले, ते आधी समजून घ्या. आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट, असे माप आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला १६० क्रेडिट्स आहेत, म्हणजे वर्षाला सुमारे ४०. अमेरिकेत पदवी साधारणपणे १२० क्रेडिट्सची असते, अभियांत्रिकीची त्याहून थोडी जास्त, आणि पूर्णवेळ विद्यार्थी वर्षाला ३० च्या आसपास क्रेडिट्स पूर्ण करतो. कारण तिथल्या एका क्रेडिटमध्ये वर्गातल्या एका तासासोबत वर्गाबाहेरचा दोन तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. आपण एका सत्रात आठ-नऊ विषय घेतो, ते पाच घेतात. एका वर्षाला एक वर्ष या हिशेबाने तुमची ८४ क्रेडिट्स तिथल्या मापात साठ-बासष्टच्या घरात येतात. युरोपात गेलेल्या मुलांना याच्या उलट अनुभव येतो: तिथे वर्षाला ६० आणि इंग्लंडमध्ये १२० क्रेडिट्स असतात, त्यामुळे आकडा मोठा दिसतो, पण शिक्षण तेवढेच असते. तेव्हा माप बदलल्यामुळे कमी झालेल्या वीस-बावीस क्रेडिट्सचे दुःख करू नका. तुमचे भांडण उरलेल्या पंधरा-सोळांशी आहे आणि त्याहूनही अधिक ४६ आणि २८ यांच्यातल्या अठरांशी आहे.

त्या पंधरा-सोळांत काय असेल, याचा अंदाज करता येतो. वर्कशॉप, संवादकौशल्य, पर्यावरण अभ्यास अशा विषयांना तिथे बहुधा जोड सापडत नाही. ज्या विषयात तुम्ही जेमतेम उत्तीर्ण झालात, तो तिथल्या 'सी' श्रेणीच्या खाली गेला, तर बहुतेक विद्यापीठे तो घेत नाहीत. यातले फारसे काही परत मिळणार नाही. त्यामागे वेळ घालवू नका.

अठरांची गोष्ट वेगळी आहे. ही क्रेडिट्स त्यांनी स्वीकारली आहेत, पण 'सर्वसाधारण ऐच्छिक' या खात्यात टाकली आहेत आणि सिव्हिलच्या पदवीत अशा ऐच्छिक विषयांना जवळजवळ जागाच नसते. सातबाऱ्यावर सहा एकर लिहिलेले असले, तरी पोटखराबा वजा केल्यावर जे उरते तेच लागवडीचे क्षेत्र, हे तुमच्या बाबांना सांगावे लागणार नाही. तुमचे ४६ हे एकूण क्षेत्र आहे आणि २८ हे लागवडीचे. प्रवेशाच्या वेळी कन्सल्टन्सी नेहमी पहिला आकडा सांगते. पदवी दुसऱ्यावर मिळते. आता या अठरांपैकी किती क्रेडिट्स पदवीच्या खात्यात आणता येतील, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी तुमच्या गुणपत्रिकेकडे तिथल्या प्राध्यापकाच्या नजरेने पाहावे लागेल.

उदाहरण म्हणून पहिल्या वर्षाचा इंजिनिअरिंग मेकॅनिक्स घ्या. आपल्याकडे तो एका सत्राचा एकच विषय: आधी बलांचा समतोल, आधार-प्रतिक्रिया, ट्रस, घर्षण, आणि मग पुढच्या युनिट्समध्ये गतिमान वस्तू. अमेरिकेत याचे दोन स्वतंत्र विषय असतात, स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्स. मूल्यमापन करणाऱ्यासमोर तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरची एक ओळ असते: विषयाचे नाव, क्रेडिट, श्रेणी. त्या ओळीवरून हा विषय स्टॅटिक्स आहे की डायनॅमिक्स, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून तो दोन्ही नाकारतो आणि क्रेडिट्स ऐच्छिक खात्यात टाकतो. हाच माणूस तुमचा युनिटवार अभ्यासक्रम, प्रत्येक युनिटचे तास आणि संदर्भग्रंथांची यादी पाहील, तेव्हा निदान स्टॅटिक्सपुरता तुमचा दावा त्याला तपासावाच लागेल. आपल्या अभ्यासक्रमांच्या यादीत टिमोशेंको, बीअर आणि जॉन्स्टन ही नावे हमखास असतात आणि तीच पुस्तके तिथल्या वर्गातही वापरली गेली आहेत. ही गोष्ट अर्जात आवर्जून लिहा.

गणिताचेही तसेच आहे. तुमच्या एम-वन, एम-टू, एम-थ्रीमध्ये कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म असे सगळे थोडे थोडे विखुरलेले असते. तिथे कॅल्क्युलसचे तीन विषय, डिफरन्शियल इक्वेशन्सचा वेगळा, लीनियर अल्जिब्राचा वेगळा. एकास एक जुळवायला गेले, की काहीच जुळत नाही. मात्र तिन्ही पेपर एकत्र धरून तिथल्या अमुक तीन विषयांशी तुलना करावी, अशी विनंती करता येते आणि ती अगदी रास्त आहे. प्रात्यक्षिकांचाही असाच घोळ होतो: आपल्याकडे फिजिक्सची थिअरी आणि प्रॅक्टिकल यांना वेगळे गुण आणि वेगळी क्रेडिट्स, तर तिथे बहुधा दोन्ही मिळून एकच विषय असतो. प्रॅक्टिकलची ओळ सुटली, तर पूर्ण विषय अपुरा ठरतो.

म्हणून आता अर्धी कामे गावाकडे आहेत. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षी लागू असलेला अभ्यासक्रम मिळवायचा आहे. आज संकेतस्थळावर आहे तो कदाचित नवीन असेल, कारण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम बदलत आहेत. जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर महाविद्यालयाचा शिक्का आणि प्राचार्यांची सही असावी. विषयनिहाय तास, प्रयोगांची यादी आणि श्रेणी कशा दिल्या जातात याचा खुलासा महाविद्यालयाच्या पत्रावर घ्यावा. ट्रान्सक्रिप्ट मात्र विद्यापीठाकडूनच लागते. हे सगळे तुमच्या बहिणीला किंवा एखाद्या मित्राला करता येईल, पण त्यांच्याजवळ तुमच्या सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत असू द्या, नाहीतर अमरावतीचा फेरा फुकट जाईल. जर्नल्स, असाइनमेंट, जुन्या प्रश्नपत्रिका घरात कुठे पोत्यात भरून ठेवल्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. सर्व्हेइंगचे फिल्डबुक किंवा मटेरियल टेस्टिंगचे जर्नल यांचे फोटो प्राध्यापकापुढे ठेवले, की चर्चेचा नूर बदलतो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती तुम्हाला खटकेल. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री यांच्या तुलनेत अभियांत्रिकीचे विषय स्वीकारताना तिथले विभाग हात आखडता घेतात. त्यांच्या पदवीला 'एबेट' या संस्थेची मान्यता असते आणि कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला, याचे उत्तर त्यांना द्यावे लागते. भारताचे राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, जून २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी असलेल्या वॉशिंग्टन कराराचे कायम सदस्य झाले. पण त्या कराराचा लाभ एनबीएने 'टियर वन'मध्ये मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो आणि त्यात स्वायत्त संस्था व विद्यापीठांचे स्वतःचे विभाग येतात. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली मुले शिकतात ती बहुसंख्य महाविद्यालये संलग्न आहेत. शिवाय हा करार पूर्ण झालेल्या पदवीविषयी आहे, अर्धवट अभ्यासक्रमातल्या क्रेडिट्सविषयी नाही. यात तुमच्या बुद्धीचा किंवा तुमच्या शिक्षकांच्या कष्टाचा अपमान कुठेही नाही, परंतु कन्सल्टन्सीला हे ठाऊक असायला हवे होते आणि पैसे घेण्याआधी तिने ते तुमच्या वडिलांना समजावून द्यायला हवे होते. त्याबद्दलचा तुमचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो.

आता अ‍ॅडव्हायझर बाईंविषयी. तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ते 'येस मॅडम'. आपल्याकडे विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय जायचे नसते, आणि गेलेच तर उभे राहून ऐकायचे व निघायचे असते. तीच सवय घेऊन तुम्ही तिथे गेलात. अ‍ॅडव्हायझरने तुमच्या बाजूने कामाला लागावे, म्हणून विद्यापीठ त्यांना पगार देते. परंतु तुम्ही तोंड उघडले नाही, तर तुम्हाला काही अडचण आहे, हे त्यांना कळायचे कसे? तिथे गप्प बसलेला विद्यार्थी नम्र समजला जात नाही, समाधानी समजला जातो. पुन्हा वेळ मागा, प्रश्न लिहून न्या आणि भेटीनंतर त्याच दिवशी 'आज आपले असे असे ठरले' अशी ईमेल पाठवा. तोंडी आश्वासनावर पुढच्या सत्राचे विषय घेऊ नका.

त्यांच्या हातात काय आहे आणि काय नाही, हेही ओळखा. एखाद्या विषयाची समकक्षता बहुतेक ठिकाणी त्या त्या विभागाचे प्राध्यापक ठरवतात: गणिताची गणित विभाग, स्टॅटिक्सची सिव्हिल किंवा मेकॅनिकल. नोंद करते रजिस्ट्रारचे कार्यालय. व्हिसाच्या बाबतीत बोलायचा अधिकार फक्त आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात. अ‍ॅडव्हायझर तुम्हाला एखादा विषय सोडायला सांगतील, तो सल्ला अभ्यासाच्या दृष्टीने अगदी बरोबर असेल, आणि तरी त्याने व्हिसा धोक्यात येईल, असे घडू शकते. कारण एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट्स घ्यावीच लागतात आणि त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. विषय सोडण्याआधी डीएसओची लेखी परवानगी घ्या. आणि हो, घरून मामाजींनी किंवा कन्सल्टन्सीने विद्यापीठाला फोन करून काही उपयोग होणार नाही. तिथल्या १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय ते तुमच्याविषयी कुणालाही माहिती देत नाहीत.

भेटीत पहिला प्रश्न 'आणखी किती क्रेडिट्स मिळतील' हा विचारू नका. विचारा: माझी पदवी कोणत्या विषयामुळे लांबते आहे? सिव्हिलमध्ये विषय साखळीने येतात. स्टॅटिक्स झाल्याशिवाय मटेरियल्सचे मेकॅनिक्स घेता येत नाही, ते झाल्याशिवाय स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस नाही, त्याशिवाय काँक्रीट किंवा स्टीलचे डिझाइन नाही आणि शेवटचा प्रकल्प त्याच्याही पुढे. त्यातच एखादा विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवला जात असेल, तर एक कडी चुकली की सहा महिने नव्हे, पूर्ण वर्ष जाते. कुठेतरी मानव्यविद्येची सहा क्रेडिट्स जास्तीची मिळाली, तर आकडा सुधारेल, पण पदवी एक दिवसही अलीकडे येणार नाही. उलट स्टॅटिक्सची केवळ तीन क्रेडिट्स मिळाली, तर एक सत्र वाचू शकते. म्हणून ताकद लावायची ती स्टॅटिक्स आणि कॅल्क्युलस टू या दोन जागी. कागदांवरून ते मान्य झाले नाहीत, तर विभाग स्वतःची परीक्षा घेऊन क्रेडिट देतो का, हे विचारा. कॅल्क्युलसच्या पहिल्या विषयाला अनेक विद्यापीठे कॉलेज बोर्ड या संस्थेची क्लेप परीक्षाही मानतात. तुम्ही हा अभ्यास केलेला आहे. महिनाभर उजळणी करून परीक्षा देणे, पूर्ण सत्राची फी भरून तोच विषय पुन्हा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये एक-दोन विषय करणे हाही चांगला मार्ग आहे. तिथली फी बहुधा कमी असते. मात्र तो विषय तुमच्या विद्यापीठात नेमका कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे आधी लेखी घ्या, डीएसओला कळवा आणि तुमच्या विद्यापीठात किमान किती क्रेडिट्स करावीच लागतात, याची अट पाहा.

हिशेब मांडून पाहू. १२६ मधून २८ गेले, पहिल्या सत्रातले १५ गेले, असे धरले तर ८३ राहतात. सत्राला १६-१७ प्रमाणे पाच सत्रे, म्हणजे आणखी अडीच वर्षे. दहा क्रेडिट्स परत मिळाली आणि ती साखळीतली असली, तर ७३ राहतील. चार सत्रे आणि मधला एक-दोन उन्हाळ्यांचा अभ्यास, म्हणजे दोन वर्षे. जास्तीचा काळ एका वर्षावरून सहा महिन्यांवर येऊ शकतो. तो तसा येईलच, असे मी म्हणत नाही. पण हे दोन आकडे हाती असल्याशिवाय परत येण्याचा किंवा शाखा बदलण्याचा निर्णय घेणे म्हणजे पेरणीआधीच पीक बुडाले म्हणण्यासारखे होईल.

पंपावरच्या कामाविषयी माझे मत एका वाक्यात सांगते: करू नका. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर परवानगीविना केलेले काम, रोखीचे असो की कसेही, तुमचा व्हिसा संपवू शकते आणि तसे झाले तर मामाजींचे घर तारण राहील आणि हातात पदवीही नसेल. ग्रंथालय, भोजनगृह, गणिताचे शिकवणी केंद्र इथे आजच अर्ज करा.

आता घरी सांगण्याविषयी. बाबांना धक्का बसेल म्हणून तुम्ही गप्प आहात. ही माया खरी आहे, पण तिच्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. ज्या माणसाने कोरडवाहू शेतीत सोयाबीन आणि कापसावर घर चालवले, पाऊस उघडला तर दुबार पेरणी केली, त्याला वाईट बातमी झेपत नाही, असे तुम्हाला का वाटते? तुमच्या बाबांना बातमीपेक्षा उशिरा कळलेली बातमी अधिक त्रास देईल, कारण आज कळली तर त्यांना तजवीज करायला वेळ आहे.

आणि लपवणे व्यवहारातही शक्य नाही. तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर, अभ्यासक्रम संपण्याची तारीख छापलेली आहे, ती आधी पाहा. ती अपुरी पडत असेल, तर मुदतवाढ त्या तारखेच्या आत मागावी लागते. कारण शैक्षणिक किंवा वैद्यकीय असावे लागते, अ‍ॅडव्हायझरची शिफारस लागते आणि वाढीव काळाच्या खर्चाची तरतूद कागदोपत्री दाखवावी लागते. ती तरतूद घरच्यांना न सांगता कशी दाखवाल? गुण घसरल्यामुळे विद्यापीठाने प्रोबेशनवर ठेवल्याने किंवा निलंबित केल्याने झालेला उशीर मुदतवाढीला चालत नाही, तेव्हा चिंतेच्या भरात या सत्राचे गुण घसरू देऊ नका. बँकेचेही तसेच. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते; शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. म्हणूनच मामाजींचे घर पुढे करावे लागले. त्याच योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही, तर मुदतवाढीची तरतूदही आहे, पण ती विद्यापीठाचे पत्र देऊन हप्ते सुरू होण्याआधी मागावी लागते. तुमच्या बँकेचे मंजुरीपत्र काढून त्यातली अट वाचा. मामाजींना ही गोष्ट बाबांइतकीच लवकर कळली पाहिजे आणि ती तुमच्या तोंडून कळली पाहिजे. त्यांचे छप्पर यात गुंतलेले आहे.

अ‍ॅडव्हायझरची दुसरी भेट झाली, की लगेच फोन करा. अर्ज मंजूर होण्याची वाट पाहू नका. 'बाबा, मी दीड वर्ष सांगत होतो, पण दोन ते अडीच वर्षे लागतील. सहा महिने वाचवण्यासाठी मी हे हे करतो आहे आणि त्यासाठी ताईला कॉलेजातून एवढे कागद आणावे लागतील', असे सरळ सांगा. आधी आईला सांगून तिच्याकडून वदवू नका.

शाखा बदलण्याचा विचार तुम्हाला सिव्हिल नकोसे झाले असेल तरच करा. क्रेडिट्स वाया जाऊ नयेत म्हणून न आवडणारी पदवी घेणे शहाणपणाचे नाही. परत येण्यात कमीपणा काहीच नाही. पण आधी जुन्या महाविद्यालयाला आणि विद्यापीठाला लेखी विचारा की तिसऱ्या वर्षात पुन्हा प्रवेश मिळेल का, अभ्यासक्रम बदलला असल्यास किती विषय जास्तीचे द्यावे लागतील आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत कुठवर आहे. आपली शैक्षणिक क्रेडिट बँक २०२१ पासून आहे, पण ती देशातल्या संस्थांसाठी आहे. तिथे केलेल्या सत्राची क्रेडिट्स इकडे आपोआप जमा होतील, अशी आशा धरू नका.

ज्या घरांत यंदा असाच बेत चालू आहे, त्यांच्यासाठीही थोडे लिहिते, कारण या महिन्यात बुलढाणा आणि वाशीमकडूनही अशाच आशयाची पत्रे आली आहेत. 'क्रेडिट्स ट्रान्सफर होतात' या वाक्यावर पैसे भरू नका. 'माझे कोणते विषय तुमच्या कोणत्या विषयांच्या बदल्यात आणि पदवीच्या कोणत्या खात्यात धरले जातील', असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विद्यापीठाला ईमेलने विचारावा आणि उत्तर विषयवार मागावे. अनेक विद्यापीठे प्रवेशाआधी प्राथमिक मूल्यमापन करून देतात. काही विद्यापीठे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या बाहेरच्या संस्थेचा अहवाल मागतात. तो विषयवार असावा आणि तोही केवळ शिफारस असतो, निर्णय विद्यापीठाचाच, हे ध्यानात ठेवा. महाविद्यालय सोडण्याआधी सही-शिक्क्याचा अभ्यासक्रम आणि ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती घेऊन ठेवा. विषयवार उत्तर मिळाले नाही, तर त्या वर्षी जाऊ नका. इथली पदवी पूर्ण करून पुढे मास्टर्सला जाण्याचा मार्ग खुला असतो. त्यात अर्धवट पदवीची क्रेडिट्स जुळवण्याचा प्रश्न येत नाही, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठीच आहे.